फोटो ५० केबीत कसा बसवायचा, आणि फाईल बारीक केली म्हणून ती आपली होते का

भरतीची जाहिरात निघाली की शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री फोन वाजणार हे ठरलेलं. "दादा, फोटो घेतच नाहीये, साईज जास्त आहे म्हणतंय." मग तिकडे गुगलवर जी पहिली साईट सापडेल तिथे फोटो टाकून झालेला असतो, त्याचा पार चिखल झालेला असतो, आणि तरी फॉर्म म्हणतो नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. फोटो, सही, मार्कशीट, जुन्या कॅसेट, सगळ्याला एकच हिशोब लागतो, आणि तो दहावीच्या गणितापेक्षा सोपा आहे.

हिशोब असा. कॉम्प्युटरकडे फोटो नसतो, आकडे असतात. फोटो म्हणजे बारीक ठिपके, त्याला पिक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५ मधला. ० ते २५५ का, तर आठ बिटांत (बिट म्हणजे एक ० किंवा १) तेवढंच मावतं आणि आठ बिट म्हणजे एक बाईट. म्हणजे एक ठिपका तीन बाईट. बस्स, एवढ्यावर गाडी चालते.

आता मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या. ४००० गुणिले ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, गुणिले तीन, झाले ३६ एमबी. आणि तुम्हाला तो ५० केबीत पाहिजे. ७२० पट बारीक! असं दाबल्यावर त्याचा चिखल होणारच, साईटला शिव्या देऊन उपयोग नाही. पण आयबीपीएसच्या बँक परीक्षांच्या जाहिरातीत नीट वाचलंत तर फोटोपुढे दोन गोष्टी असतात, २० ते ५० केबी आणि २०० गुणिले २३० पिक्सेल. लोक पहिली वाचतात, दुसरी सोडून देतात. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० ठिपके, गुणिले तीन, १,३८,००० बाईट, साधारण १३८ केबी. काहीही न दाबता, कच्चा! तिथून ५० वर यायचं म्हणजे पावणेतीन पट, ते जेपीईजी (फोटो दाबून साठवायची नेहमीची पद्धत) हसत हसत करतं आणि डोळ्याला फरकसुद्धा कळत नाही.

म्हणजे सगळी गोम क्रमात आहे. आधी ठिपके कमी करायचे, मग क्वालिटी. सगळे उलट करतात.

करायचं कसं ते सांगतो. मूळ फोटो घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेला नको, त्याने आधीच एकदा दाबलेला असतो (समोरच्याला सांगा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, तसं पाठवलं की फाईल आहे तशी येते). विंडोजच्या पेंटमध्ये उघडा आणि आधी क्रॉप करा, आणि इथे एक भानगड आहे जी कोणी सांगत नाही. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो असतो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर. त्याला २०० रुंदी दिली तर उंची २५७ यायला पाहिजे, २३० नाही. मग लोक काय करतात, रिसाईझमधली 'प्रमाण राखा'वाली टिक काढतात आणि २०० आणि २३० दोन्ही आकडे ठोकून देतात, त्यात चेहरा साधारण १२ टक्के रुंद होतो. उद्या परीक्षा केंद्रावर तो माणूस तुमच्याकडे आणि हॉलतिकिटाकडे आळीपाळीने बघत बसतो. तसं करायचं नाही. टिक राहू द्या, रुंदी २०० करा, उंची आपोआप २५७ होईल, आणि वरखालची मिळून २७ ओळींची पट्टी कापून टाका. डोक्यावर मोकळी जागा असतेच, तिथून जाते.

मग जेपीईजी म्हणून सेव्ह करा. पेंटमध्ये क्वालिटीचा आकडा देता येत नाही, पण एवढ्या लहान फोटोला बहुतेक वेळा लागतही नाही. आकडा हवाच असेल तर जिम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एक्स्पोर्ट करताना क्वालिटीची पट्टी सरकवली की प्रीव्ह्यूमध्ये फाईलची साईज दिसत राहते, ४५ केबीच्या आसपास थांबा. अगदी ५० ला टेकवू नका, काही ठिकाणी एक केबी १००० बाईटचा धरतात, काही ठिकाणी १०२४ चा, त्या भांडणात आपण कशाला पडायचं.

आणि कृपा करून डीपीआयच्या, म्हणजे इंचाला किती ठिपके त्याच्या, मागे लागू नका. "२०० डीपीआय करून दे" म्हणतात. पिक्सेल तेवढेच ठेवून डीपीआय बदलला तर फाईलमध्ये एक आकडा बदलतो, बाकी तिळमात्र फरक पडत नाही. डीपीआय हा छापताना किंवा स्कॅन करताना कामाचा.

सहीची गंमत उलटी आहे. तिथे मागतात १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. आता १४० गुणिले ६० गुणिले ३ म्हणजे २५,२०० बाईट, म्हणजे कच्चा मालच २५ केबी! त्यात सही म्हणजे पांढऱ्यावर चार काळ्या रेघा, जेपीईजी ते दाबून तीन-चार केबीवर नेऊन ठेवतं आणि फॉर्म म्हणतो साईज कमी आहे. पोरं म्हणतात कमी आहे तर चांगलंच की, पण नाही, किमान मर्यादा असते. उपाय म्हणजे क्वालिटी १०० वर नेऊन सेव्ह करा, तरी कमी पडली तर त्याच प्रमाणात ठिपके थोडे वाढवा, २८० गुणिले १२० वगैरे, फक्त जाहिरातीत पिक्सेलची सक्ती आहे का ते बघून. सही काळ्या शाईने, पांढऱ्या कोऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात, मोबाईलची सावली न पडता. रेघांच्या वहीवर केलेली सही आणली की मी परत पाठवतो.

आता जेपीईजी नक्की काय कापतं ते पण बघून घ्या, कारण ते कळलं की कुठे वापरायचं नाही हेही कळतं. हे स्टँडर्ड १९९२ चं, अजून चालतंय. त्याने एक गोष्ट हेरली, आपल्या डोळ्याला उजेड-अंधार बारीक दिसतो पण रंग तेवढा बारीक दिसत नाही. म्हणून ते लाल-हिरवा-निळा सोडून उजेडाचा एक थर आणि रंगाचे दोन थर करतं, आणि रंगाचे थर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी निम्मे करून टाकतं. म्हणजे ठिपक्यामागे तीन बाईट होते तिथे सरासरी दीड राहिला. अजून दाबायला सुरुवातही नाही केली आणि फाईल निम्मी! मग फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, प्रत्येकात ढोबळ बदल किती आणि बारीक नक्षी किती असा हिशोब मांडतं, आणि बारीक नक्षीचे आकडे गोल करून बरेचसे शून्य करून टाकतं. क्वालिटीची पट्टी खाली ओढली की हे शून्य वाढतात. फार दाबलेल्या फोटोत चौकोन चौकोन दिसतात ना, ते हेच.

म्हणून ज्यात बारीक अक्षरं आहेत, स्क्रीनशॉट, तक्ता, असलं काही जेपीईजीत टाकू नका, अक्षरांभोवती धुरकट डाग येतात. तिथे पीएनजी. पीएनजी काहीही फेकत नाही, उघडल्यावर प्रत्येक ठिपका जसाच्या तसा. आणि तीच जेपीईजी फाईल पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह, पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह असं करू नका, दर वेळी थोडं थोडं जातं. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दर वेळी तिथून नवीन काढा.

मार्कशीटच्या पीडीएफचं एका परिच्छेदात उरकतो. ए४ पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके, कच्चे २६ एमबी. तेच १५० डीपीआयला ग्रे केलं तर ठिपके पाव झाले आणि ठिपक्याला तीनऐवजी एक बाईट, म्हणजे बरोबर बारावा हिस्सा, २.२ एमबी, आणि जेपीईजीने दाबून दोन-तीनशे केबीत बसतं. शिक्का रंगीतच दिसला पाहिजे अशी अट असेल तरच रंगीत. आणि आधार, पॅन, मार्कशीट असली कागदपत्रं कुठल्यातरी अनोळखी 'फुकट कॉम्प्रेस' साईटवर चढवू नका राव. ती फाईल कुठल्या सर्व्हरवर गेली ते देवाला माहीत. स्कॅनरच्या सेटिंगमध्येच हे होतं, आणि फोटोसाठी स्क्वूश म्हणून आहे, ते ब्राऊझरमध्ये उघडतं पण फोटो तुमच्याच मशीनवर राहतो.

झिपबद्दल पण दरवेळी विचारतात, "दादा झिप करू का फोटो?" करा, पण काही होणार नाही, पिळलेलं फडकं परत पिळल्यासारखं आहे ते. झिपचं काम पुनरावृत्ती शोधायचं, आणि जेपीईजीतली पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते. मराठी मजकुरावर मात्र झिप जोरात चालतं. कसं ते एकदा हातानेच करून बघा. आरतीतलं "जय देव जय देव" घ्या. कॉम्प्युटरमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह म्हणजे युनिकोडचा एक आकडा (क चा २३२५), आणि फाईलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने लिहिताना त्याला तीन बाईट लागतात. ज, य, मग स्पेस, मग द, मात्रा, व. पाच चिन्हांचे १५ बाईट आणि स्पेसचा एक, "जय देव" झालं १६ बाईटचं. मध्ये एक स्पेस, मग दुसरं "जय देव". झिप ते दुसऱ्यांदा लिहीतच नाही, फक्त म्हणतं "१७ बाईट मागे जा, तिथून १६ बाईट उचल". लेम्पेल आणि झिव या दोघांनी १९७७ मध्ये मांडलेली ही युक्ती. वर अजून एक युक्ती म्हणजे हफमनची, १९५२ ची, जे चिन्ह जास्त वेळा येतं त्याला कमी बिट द्यायचे, क्वचित येणाऱ्याला जास्त. ही तर त्याने एमआयटीत शिकत असताना काढली.

याच तीन बाईटवरून अजून एक गोष्ट. फॉर्ममध्ये "१००० कॅरॅक्टरपर्यंत लिहा" असतं आणि तुम्ही सातशे अक्षरं मोजून लिहिता तरी तो म्हणतो जास्त झालं. कारण तो अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतो. "क्षमा" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्याला पाच दिसतात, क, पाय मोडायची खूण, ष, म आणि काना. एसएमएसचंही तेच, इंग्रजीत १६० मावतात आणि मराठीत ७०, कारण मेसेजची पिशवी १४० बाईटचीच असते आणि मराठी चिन्हाला तिथे दोन बाईट लागतात. मंडळाचे मेसेज पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ७१ वं चिन्ह आलं की दोन मेसेजचे पैसे.

आणि जुन्या श्रीलिपी, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की एबीसीडीचा कचरा दिसतो तो व्हायरस नाही. त्या फाईलमध्ये मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांचेच आकडे आहेत, फॉन्ट फक्त त्या आकड्यांवर मराठीचं चित्र चढवायचा. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला, तिथेच गंडतं.

आता आवाज. घराघरात कॅसेट पडल्यात, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कुणाचं कीर्तन, विकत घेतलेली भावगीतं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाईन-इनला द्या आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, आवाजाचा काटा लाल पट्टीला लागू देऊ नका कारण लाल झालं की तो भाग कायमचा फाटला, मागून दुरुस्त होत नाही. सीडीच्या मापाने घेतलं तर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजला जातो, प्रत्येक मोजणीला दोन बाईट, डावा-उजवा दोन्ही, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाईट, तासाच्या कॅसेटचे ६३५ एमबी. ४४,१०० कशाला, तर माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांच्या वर ऐकू येत नाही आणि जे पकडायचंय त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. आजीच्या ओव्या एकाच माईकवर घेतल्या असतील तर मोनो करा, तिथेच निम्मं.

१२८ चं (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपी३ केलं तर तोच तास ५७.६ एमबीत बसतो, अकरा पट कमी. एमपी३ कानाची खोड वापरतं, मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तर तो साठवायचा कशाला. नातेवाईकांना पाठवायला उत्तम. पण जपून ठेवायची कॉपी एमपी३ नको, फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवा, त्यात काही फेकलं जात नाही तरी जागा साधारण निम्मी लागते. कॅसेट दहा वर्षांनी वाजेल याची खात्री नाही, तेव्हा पहिली कॉपी चांगली पाहिजे.

आणि इथेच लोक पुढची पायरी उत्साहात चढतात, "यूट्यूबवर टाकू का?" आजीच्या ओव्या, बिनधास्त. त्या परंपरेतल्या आहेत, कोणा एकाच्या नाहीत, रेकॉर्डिंग घरचं, आजीला किंवा घरच्यांना विचारलंत की झालं. विकतच्या भावगीताचं तसं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात एका गाण्यात तीन वेगळे हक्क बसलेले असतात, शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा, आणि तिघांची मुदत वेगळी. लेखक-कवी-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजायला सुरुवात पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आता समजा १९६२ मध्ये निघालेली एक रेकॉर्ड आहे, शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. रेकॉर्डिंगचा हक्क २०२२ च्या शेवटी संपला. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ ला गेले, चाल २०६२ अखेरपर्यंत. "जुनं गाणं आहे, आता काय" असं म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा. घरात ऐकायला कॉपी करणं हे कायद्याच्या ५२ व्या कलमातल्या खाजगी वापराच्या सवलतीत धरता येतं, जगासाठी चढवणं त्यात येत नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांनी हयातीत छापलेलं सगळं २०११ पासून मोकळं आहे, ते वाचून, रेकॉर्ड करून, वाटून टाका.

(मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, ५० वर्षं भरत आली तेव्हा ती ६० केली, १९९२ ला.)

फाईलचा फॉरमॅट बदलला, साईज दहावा हिस्सा केली, नाव बदललं, वॉटरमार्क पुसला, तरी मालक बदलत नाही. कॉपीराईटची खूण नाही म्हणजे फुकट, हे खोटं, नोंदणी सक्तीची नाहीच मुळी, काम कागदावर किंवा फाईलमध्ये उतरलं की हक्क चालू. "३० सेकंद चालतात", हेही कायद्यात कुठे नाही. "क्रेडिट टू ओनर" लिहिणं म्हणजे मालक कोण ते माहीत आहे आणि विचारलं नाही, याची लेखी कबुली.

भरतीवाल्या पोरांसाठी खास, कारण हे सगळेच करतात: क्लासच्या नोट्स किंवा छापील गाईड स्कॅन करून, बारीक करून टेलिग्रामवर सोडणं. ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, पैसे कमवायचा हेतू नसेल तर कोर्ट कमी करू शकतं, पण सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये 'गुन्हा दाखल आहे का' हा रकाना असतो हे ध्यानात घ्या. याची दुसरी बाजूही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर मोठमोठ्या प्रकाशकांनी केस घातली होती, अभ्यासक्रमातली निवडक पानं एकत्र करून विकतो म्हणून, तर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिकवण्याच्या कामासाठीची ती कॉपी कायद्यात बसते म्हणून सांगितलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी केस मागे घेतली. पण ते वर्गासाठी, निवडक पानांचं. अख्खं पुस्तक हजारो अनोळखी लोकांना, हे वेगळं.

स्टुडिओतल्या फोटोचा हक्क कोणाचा, हे विचाराल तर उत्तर तुमच्या बाजूचं आहे. १७ व्या कलमानुसार तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तेवढी ती पावतीमागची बारीक अक्षरं वाचा, लग्नाच्या ऑर्डरला तिथेच वेगळं लिहिलेलं असतं. आणि हक्क तुमचा असला तरी मूळ फाईल हातात मिळेल की नाही हे बोलणीवर आहे, म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधीच "मोठ्या साईजच्या फाईली पेनड्राईव्हवर पाहिजेत" असं बोलून घ्या. नाहीतर व्हॉट्सॲपवरचा दाबलेला फोटो घेऊन तुम्ही परत माझ्याकडे येणार.

एक शेवटचं, बारीक करताना होणारं. फोटोच्या फाईलमध्ये ठिपक्यांशिवाय एक्सिफ नावाची माहिती असते, कॅमेरा कुठला, तारीख, कधी कधी जीपीएसवरून तुमचं घर, आणि फोटोग्राफरने टाकलं असेल तर त्याचं नाव. जिम्पमध्ये एक्स्पोर्ट करताना त्याची टिक असते. स्वतःच्या फोटोतून घराचा पत्ता जायलाच पाहिजे, टिक काढा. दुसऱ्याचा फोटो परवानगीने वापरत असाल तर मात्र टिक राहू द्या, कारण मालकाचं नाव मुद्दाम पुसणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर ६५बी कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. बऱ्याच कॉम्प्रेस साईट न विचारता सगळंच पुसतात, तेव्हा बारीक केलेल्या फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये नाव आहे का बघा, नसेल तर तिथेच परत टाईप करून टाका.